शब्द शेपटीकडून धरा

प्रश्न : रविवारच्या इंग्रजी पेपरात चौकटीचं कोडं येतं, नऊ अक्षरं देतात, मधलं अक्षर प्रत्येक शब्दात आलंच पाहिजे आणि एक शब्द नऊच्या नऊ अक्षरांचा लपलेला असतो. मी आणि माझी आठवीतली मुलगी मिळून सोडवतो. छोटे शब्द पंधरा-वीस निघतात पण मोठा काही केल्या सापडत नाही. मागच्या वेळी ए, ई, जी, आय, एल, एन, आर, एस, टी ही अक्षरं होती, पाऊण तास बसलो, शेवटी मोबाइलवर टाकून बघितलं. याची काही पद्धत असते का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, पद्धत आहे, आणि ती तुमच्या मुलीला मराठी व्याकरणात शिकवलेली पण आहे, उपसर्ग आणि प्रत्यय. नऊ वेगवेगळी अक्षरं नुसती उलटीपालटी करत बसलं तर ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात, एवढं कोण करणार? म्हणून आधी शेपूट बाजूला काढायची. तुमच्या अक्षरांत आय-एन-जी दिसतंय, सगळे आधी तिकडेच धावतात, तुम्ही पण धावला असाल. ते काढलं की उरतात टी, आर, ए, एल, ई, एस, आणि यातून नऊ अक्षरी काही जमत नाही. मग दुसरी शेपूट बघा, नुसता एस, अनेकवचनाचा. तो बाजूला ठेवला की आठ अक्षरं उरतात आणि इथे खरी मजा आहे, कारण त्याच आठ अक्षरांतून ऑल्टरिंग, अलर्टिंग, रिलेटिंग, ट्रायँगल आणि इंटिग्रल असे निदान पाच शब्द निघतात! आता यातल्या कोणाला एस लागतो ते बघायचं. ऑल्टरिंग, अलर्टिंग, रिलेटिंग ही क्रियापदाची रूपं, त्यांना लागत नाही, नामांना लागतो, म्हणून ट्रायँगल्स आणि इंटिग्रल्स. एसच्या शेपटीची ही दोन उत्तरं, आणि दोन्ही गणितातली. हे मुलीला वहीवर करून दाखवा, मोबाइलनी उत्तर दिलं पण ही वाट नाही ना दाखवली.

अजून एक, अक्षरं ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिलं की डोळा त्याच क्रमाने वाचत राहतो आणि तिथेच अडकतो.

प्रश्न : मी शाळेत इंग्रजी शिकवतो. मुलांना खेळ देतो की एक्स किंवा क्यू किंवा झेड असलेला मोठ्यात मोठा शब्द शोधून आणा. बॉक्स, फॉक्स, क्वीन, झेब्राच्या पुढे कोणी जात नाही. काय करू?
– एक शिक्षक, पंचवटी, नाशिक

उत्तर : सर, मुलं शब्द 'शोधतात' म्हणून अडकतात, त्यांना शब्द 'वाढवायला' सांगा. सायन्सच्या तासाला रोज म्हणतात तो एक्सपेरिमेंट घ्या, दहा अक्षरं, पुढे एक्सपेरिमेंटल बारा, एक्सपेरिमेंटेशन पंधरा. क्यूचं तसंच. त्याच्यामागे यू जवळपास नेहमी येतोच म्हणून दोघांना एक अक्षर धरायचं, आणि मग क्वालिफाय, क्वालिफिकेशन, डिसक्वालिफिकेशन, सोळा अक्षरं झाली, आणि आमदार अपात्रतेच्या बातम्यांमुळे हा शब्द घरोघरी ऐकलेला आहे. जे हे अक्षर पण खेळात घेता येईल, ते बहुतेक वेळा सुरुवातीला बसतं नाहीतर सब, ऑब, प्रो यांच्या मागे, सब्जेक्ट, ऑब्जेक्ट, प्रोजेक्ट. त्यातून ऑब्जेक्शनेबल, तेरा. जे आणि एक्स दोन्ही हवे असतील तर जक्स्टापोझिशन, तो पण तेरा.

झेडबद्दल मात्र जरा सांभाळून, कारण इथे मुलांवर अन्याय होऊ शकतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांवरून कोणी इंडस्ट्रियलायझेशन लिहून आणलं, सतरा अक्षरं, तर शेवटाकडचा तो आवाज ब्रिटिश पद्धतीत एसने लिहितात, आपल्या पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा तसाच असतो, आणि अमेरिकन पद्धतीत झेडने. ऑक्सफर्डची डिक्शनरी तर ब्रिटिश असून झेड पहिला देते. म्हणजे एकाच शब्दाला एका वहीत झेड आहे आणि दुसऱ्या वहीत नाही! खेळ सुरू करायच्या आधी कुठली डिक्शनरी धरायची ते फळ्यावर लिहून टाका. आणि जमलं तर मुलांना एकदा आपल्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा, १८४० पासूनची संस्था आहे, जाडजूड डिक्शनरी हातात घेऊन पान उलटताना शेजारचे दहा शब्द आपोआप डोळ्यांखालून जातात, ते स्क्रीनवर होत नाही असं मला मनापासून वाटतं.

कॉम्प्युटर वापरायचाच असेल तर शब्दांची यादी एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये टाका, शेजारी लेन फॉर्म्युल्याने अक्षरं मोजा, मग फिल्टरमध्ये 'कंटेन्स' निवडून हवं ते अक्षर टाका आणि मोठ्याकडून छोट्याकडे लावा. कस्टम फिल्टरमध्ये दोन अटी एकत्र बसतात, म्हणजे जे पण आणि एक्स पण.

प्रश्न : न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस हा ४५ अक्षरांचा फुप्फुसाच्या आजाराचा इंग्रजी शब्द पाठ करावा का? भाचा मागे लागलाय.
– एक मामा, नाशिकरोड

उत्तर : हौस असेल तर करू द्या, पण त्याला हेही सांगा की तो १९३५ च्या आसपास अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी मुद्दाम लांबलचक व्हावा म्हणून बनवला होता. त्या आजाराला डॉक्टर नुसतं सिलिकोसिस म्हणतात.

प्रश्न : टायपिंगच्या क्लासला जाते. कीबोर्डच्या फक्त वरच्या ओळीतून सगळ्यात मोठा शब्द कुठला होतो?
– एक विद्यार्थिनी, सिडको, नाशिक

उत्तर : रोजच्या वापरातले दहा अक्षरी बरेच आहेत, टाइपरायटर हा शब्दच त्यातला एक! शिवाय प्रोप्रायटर, जो दुकानांच्या पाट्यांवर असतो, आणि परपेच्युइटी, रेपर्टुआर. आता फक्त डावा हात वापरून स्टुअर्डेसेस टाइप करून बघा, बारा अक्षरं आहेत, उजवा हात उचलायची गरजच पडत नाही.