एकाच कुळातले जिवाणू, मग आजार इतका वेगळा का?

प्रश्न असा आहे: मायटिस आणि न्यूमोनिया करणारा न्यूमोकॉकस, दोघेही स्ट्रेप्टोकॉकस कुळातले जिवाणू, मग मायटिस तोंडात गुण्यागोविंदाने नांदतो आणि न्यूमोकॉकस माणसाला आयसीयूत का पोचवतो? आणि लॅबच्या रिपोर्टवरच्या जिवाणूच्या नावावरून आजार किती भारी पडेल हे कळतं का?

लॅबमध्ये हे दोघे चटकन वेगळे ओळखूच येत नाहीत. रक्त घातलेल्या प्लेटवर दोघांच्याही वसाहतींभोवती तेच हिरवट वलय उमटतं. मग ऑप्टोचिन या न्यूमोकॉकसची वाढ रोखणाऱ्या रसायनाची चकती ठेवायची. न्यूमोकॉकस असेल तर तिच्याभोवती १४ मिमी किंवा जास्त व्यासाची जागा मोकळी राहते, मायटिस बहुधा चकतीला खेटून खुशाल वाढतो.

खरी गोम आवरणात आहे. न्यूमोकॉकसभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं आवरण असतं, त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो गिळता येत नाही. १९२८ साली ग्रिफिथने दाखवलं होतं, आवरण असलेला न्यूमोकॉकस टोचला की उंदीर मरतात, आवरण नसलेला टोचला तर जगतात. जिवाणू तोच, नाव तेच!

त्यात या आवरणाचेही शंभरावर प्रकार. प्रकार ३ ची वसाहत प्लेटवर पाण्याच्या थेंबासारखी ओली, चकचकीत दिसते, आणि त्याच्या आजारात दगावणारेही जास्त. तो आवरणाचे तुकडे आजूबाजूला सोडत राहतो, अँटिबॉडी त्यांच्यावरच खर्ची पडतात. लसही त्याच्यावर जरा कमीच चालते. प्रकार १ चं वेगळंच. निरोगी माणसाच्या घशात तो क्वचित सापडतो, पण शिरला की रक्तात उतरायला वेळ लावत नाही. तरी त्यात मृत्यू तुलनेने कमी. रक्तात उतरणं आणि जीव घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची हमखास गल्लत करतात.

बरं, मायटिसला गरीब समजावं, तर केमोथेरपीने पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या रुग्णाच्या तोच जिवावर उठतो.

लेजिओनेला न्यूमोफिला हा वेगळ्याच कुळातला जिवाणू तर कहरच. १९६८ साली अमेरिकेतल्या पॉन्टियाक शहरात त्याच्यामुळे लोक नुसते तापाने फणफणले आणि काही दिवसांत बरे झाले. १९७६ साली फिलाडेल्फियात त्याच जिवाणूच्या न्यूमोनियाने माणसं दगावली.

म्हणून नावावर जाऊ नका. न्यूमोनियाच्या रुग्णाला दाखल करायचं की घरी पाठवायचं हे ठरवताना डॉक्टर जो कर्ब-६५ स्कोअर काढतात, त्यात गोंधळलेपणा, रक्तातलं युरिया, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि ६५ किंवा जास्त वय एवढंच धरतात. जिवाणूच्या नावाला त्यात एकही गुण नाही.