अविवाहित ख्रिस्ती स्त्रीने एकटं वाटत असताना इतरांवर प्रीती कशी करावी?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की एकटेपणा दाटून आला की कोणाचं काही करावंसं वाटत नाही आणि मग आपण कसल्या ख्रिस्ती असं वाटतं. त्यातलं दुसरं आधी डोक्यातून काढा. अटक व्हायच्या आधी गेथशेमाने बागेत येशूने तिघा शिष्यांना बरोबर नेलं, इथे थांबा, जागे राहा म्हणाला, आणि ते झोपले तेव्हा त्याने बोलूनही दाखवलं. त्याला सोबत हवी होती, मग तुम्हाला हवीशी वाटली तर अविश्वास कसला?

खरं तर मी उत्तर लिहायला बसले ते "एकटी आहेस ना, मग सेवा कर" ह्या सल्ल्यासाठी, कारण तो तुम्हाला इथेही कोणीतरी देणारच.

मी एकदा महिलांच्या प्रार्थनासभेत सांगितलं की रविवारी उपासना झाली की दुपारी घर खायला उठतं, माझ्यासाठी प्रार्थना करा. प्रमुख बाईंनी छान प्रार्थना केली आणि आमेन झाल्या झाल्या मला संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, देऊन टाकलं. आधाराला बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन, १ करिंथ ७:३४, अविवाहित स्त्री प्रभूच्या गोष्टींची काळजी करते, आणि वर "तुला काय, ना नवरा ना पोरं, वेळच वेळ." मग वेदीवरची फुलं आली, नाताळच्या नाटकाचे कपडे आले, आजाऱ्यांच्या भेटी आल्या, पण दुपारी आमच्याकडे ये असं एकीच्याही तोंडून आलं नाही. (पुढचंच ३५वं वचन कोणी वाचत नाही. पौल म्हणतो हे तुमच्या भल्यासाठी सांगतोय, तुमच्या गळ्यात फास घालायला नाही. आणि २५मध्ये तर सरळ सांगतो की कुमारिकांबद्दल मला प्रभूची आज्ञा नाही, हे माझं मत आहे.)

तर त्या भेटींच्या यादीत एक विधवा आजी होत्या. मी गेले, २३वं स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली, उठले. आजी म्हणाल्या, "झालं? यादीत खूण केलीस का? सगळ्या प्रार्थना करायला येतात, बसायला कोणी येत नाही." राग आला मला, पण बसले. कशी आहेस विचारलं तर मी बरी आहे म्हटलं, तर म्हणे खोटं बोलू नको, तोंडावर दिसतंय. मग मी जे बोलत सुटले ते अंधार पडेपर्यंत, आणि त्या बाईने एक वचन सांगितलं नाही की एक उपदेश केला नाही, फक्त मधेच माझ्याकडून सुईत दोरा ओवून घेतला आणि म्हणाल्या पुढच्या रविवारी लवकर ये. तेव्हापासून जात राहिले. उशीर झाला की फोन करून ओरडायच्या. आपल्याला उशीर झाला म्हणून कोणीतरी ओरडतंय ह्यातलं सुख भरल्या घरातल्या बाईला नाही कळणार.

प्रमुख बाईंनी माझं आजींकडे जाणं अहवालात भेटसेवा म्हणून लिहिलं. मी म्हटलं ताई, ती सेवा नाही, मी तिथे माझ्यासाठी पण जाते. त्या म्हणाल्या मग ती प्रीती कसली, प्रीती स्वार्थ पाहत नाही, १ करिंथचा तेरावा अध्याय वाच, आणि आपल्याला प्रभू पुरेसा असला पाहिजे.

वाचला तेरावा अध्याय, आता त्यांनी २ तीमथ्य ४ वाचावा, पौलाने तरुण सोबती तीमथ्याला लिहिलेलं पत्र. पौल कैदेत आहे, त्याचा सहकारी देमास सोडून गेलाय. १७व्या वचनात म्हणतो प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, आणि त्याच अध्यायात तीमथ्याला सांगतो लवकर ये, त्रोवस गावात कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याच्या आत निघ. प्रभू जवळ होता तरी माणूस हवं होतं, झगासुद्धा हवा होता. पौलाला कोणी स्वार्थी म्हटलं नाही.

आता तुमचं. मनात उमाळा यायची वाट बघू नका, त्या तेराव्या अध्यायात सहन करणं, दया करणं, हेवा न करणं हेच आहे, आतून गोड वाटलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. मैत्रिणीचा साखरपुडा असेल आणि पोटात कालवत असेल तर जा, तिला मिठी मारा, लवकर निघा, तेवढी प्रीती त्या दिवसाला पुष्कळ झाली. एकच माणूस धरा आणि त्याच्याकडे जात राहा, दहा समित्यांवर जाऊ नका. आणि स्वतः मागा. "आज मला एकटं वाटतंय, येऊ का?" असं म्हटलं तर समोरच्यालाही प्रीती करायची संधी मिळते, ती तुम्ही कशाला अडवून ठेवता.

सगळ्या अविवाहित बायका माझ्यासारख्या कुरकुरतात असं नाही हं, काहींना संडे स्कूल मनापासून आवडतं, त्यांनी खुशाल घ्यावं. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे जा, पाळकांना नंतर सांगा. बाकी आमच्या बाई अजून म्हणतात की आजींकडे जाणं सेवेतच मोजायला हवं. मोजू देत, नाटकाचे कपडे मात्र ह्या वर्षी त्यांच्या सुनेने शिवावेत.