जुळी आहेत, तरी तारा एकदम नकोत

प्रश्न : माझी जुळी मुलं साडेअकरा वर्षांची, सहावीत आहेत. मुलगा-मुलगी दोघांचेही वरचे दात पुढे आणि हनुवटी मागे आहे. डॉक्टर म्हणतात, मुलीचं आत्ता सुरू करू, मुलाचं वर्ष-दीड वर्षाने. सासूबाई म्हणतात, मुलीला पाळी आल्यावर बघू. मला दोघांचं एकदमच झालं तर बरं. इचलकरंजीहून कोल्हापूरच्या दुप्पट फेऱ्या कोण करणार?
– एक आई

उत्तर : फेऱ्यांचं दुखणं मला कळतं. तरी मी तुमच्या डॉक्टरांच्याच बाजूने आहे.

मुलगी सध्या भावापेक्षा उंच दिसते का? बहुधा दिसत असेल. मुलींची उंची सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या. खालचा जबडाही साधारण त्याच सुमारास जोर धरतो आणि ट्विन ब्लॉकसारखं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं, काढता-घालता येणारं उपकरण नेमका हाच काळ वापरतं. सासूबाईंना एवढं जरूर सांगा की पाळी येते तेव्हा उंचीचा सर्वांत मोठा झपाटा बहुतेक मुलींमध्ये ओसरू लागलेला असतो. त्यानंतरही वाढ होते, पण थोडी. तेव्हा थांबायचं ते मुलाच्या बाबतीत.

अर्थात हे सगळं सरासरीचं गणित. वयाच्या दाखल्यावर मी स्वतः कधी उपचार ठरवत नाही. चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढतात ना, त्यात मानेचे मणकेही दिसतात. वाढ पुढे सरकते तशी त्यांची सपाट खालची कड आत वळत जाते. हे दोघांच्याही एक्स-रेवर दाखवा, असं डॉक्टरांना बिनधास्त म्हणा.

उपकरणाने जबडाच लांबतो, असंही समजू नका. बराचसा फरक दात सरकल्यामुळे पडतो. आणि ते डब्यात ठेवलं तर काहीच होत नाही. जेवणाचं डॉक्टर सांगतील तसं, पण एरवी रात्रंदिवस तोंडात हवं.

मुलाचे दात फारच पुढे असतील आणि तो कबड्डी-क्रिकेटमध्ये धडपडणारा असेल, तर आधी सुरू करण्याचा विचार होऊ शकतो, कारण असे दात पडल्यावर पटकन तुटतात. निदान खेळताना माउथगार्ड घालायला लावा. (खालचा जबडा पुढे असलेल्या मुलांचं प्रकरण निराळं, तिथे मुलगा असो वा मुलगी, आठ-नऊ वर्षांचं असतानाच दाखवावं.)

तोवर मुलाची उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवर खुणेने मोजा. शाळेची पँट अचानक आखूड पडू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याला घेऊन जा. मुलीच्या तपासणीच्या दिवशीच त्यालाही दाखवलंत, तर वेगळी फेरी पडणार नाही.