माझ्या जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्हीचा रेडिएटर आतून फुटून गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये कूलंट गेलं. गाडी हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत नेऊ का? फक्त ऑइल बदलून भागेल का? वेगळा कूलर बसवावा का?

एकदा ऑइल बदलून भागणार नाही. आणि तुम्ही विचारलंय की गाडी हळूहळू चालवत गॅरेजपर्यंत नेऊ का, तर अजिबात नेऊ नका. सुरूसुद्धा करू नका. फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) बोलवा आणि चारही चाकं उचलून न्या. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढली तर इंजिन बंद असल्यामुळे गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, आतले भाग ऑइलशिवाय घासतात आणि एका दुखण्याची दोन होतात.

मी नागपुरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो. अशा गाड्या आमच्याकडे बहुतेक उन्हाळ्यात येतात. तुमच्यासारख्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग असलेल्या) जुन्या एसयूव्हीत रेडिएटरच्या टाकीच्या आतच गिअर ऑइलचा छोटा कूलर असतो. आतून ऑइल फिरतं, बाहेरून कूलंट, मध्ये फक्त धातूची पातळ भिंत. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलेलं असेल तर क्षार साचतात, धातू गंजतो आणि एक दिवस ती भिंत सुटते. अमेरिकेत 2005 ते 2010 च्या निसान पाथफाइंडरमध्ये हाच प्रकार इतका झाला की कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवून द्यावी लागली. म्हणजे चांगल्या कूलंटवर चालणाऱ्या गाडीतही हे होतं.

आधी खात्री करून घ्या. गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून पाहा. ऑइल लाल आणि पारदर्शक असेल तर रेडिएटर बाहेरूनच गळतोय, गिअरबॉक्स वाचलाय. गुलाबी लस्सीसारखं दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. कूलंटच्या टाकीच्या झाकणाखाली तेलकट साय दिसली तर उरलीसुरली शंकाही मिटते. इंजिन ऑइलही बघा. तेच दुधाळ असेल तर भानगड हेड गॅस्केटची (इंजिनच्या हेडखालच्या सीलची) असू शकते आणि उपचार वेगळा.

आता मुख्य गोष्ट. गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटवर कागदी अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं. ते पाणी शोषतं, फुगतं आणि गोंद सोडतं. पाणी गरम ऑइलमधून थोडंफार उडून जातं, पण कूलंटमधलं ग्लायकॉल उडत नाही, ते आतच राहून काम बिघडवत राहतं. म्हणून मी मालकाला पहिला प्रश्न हाच विचारतो की ऑइल दुधाळ झाल्यावर गाडी किती चालली? पाच-दहा किलोमीटरमध्ये लक्षात आलं असेल तर फ्लशिंगने, म्हणजे जुनं ऑइल पूर्ण काढून नव्या ऑइलने आतून धुतल्याने, वाचायची बरीच आशा असते. आठवडाभर तशीच चालवली असेल, गिअर सटकत असतील किंवा 60-70 च्या वेगात स्थिर चालवताना गाडी थरथरत असेल, तर मी फ्लशिंगचे पैसे घेत नाही, बॉक्स उघडायला सांगतो. सुटलेलं अस्तर कितीही ऑइल ओतलं तरी परत चिकटत नाही.

फ्लशिंगआधी रेडिएटर नवा बसवा. जुन्याला टाका मारून घेऊ नका, आतल्या कूलरला तो टिकत नाही. मग गिअरबॉक्सखालचा ऑइल पॅन खोला, फिल्टर बदला, पॅनमधल्या चुंबकावरचा धातूचा कीस पुसा. पॅनमधून एकूण ऑइलचा साधारण तिसरा हिस्सा ते निम्मंच निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलण्यासाठी ऑइल वळवणाऱ्या भागात) आणि नळ्यांत अडकलेलं असतं. मेकॅनिक 'ऑइल बदललं' म्हणतो तेव्हा निम्मी घाण आतच असते, ती इथे.

ती काढायला कूलरकडून परत येणारी नळी सोडवून खुणा केलेल्या पारदर्शक डब्यात धरा. एकाने इंजिन सुरू करायचं, एक-दीड लिटर आलं की लगेच बंद. जेवढं निघालं तेवढंच नवं डिपस्टिकच्या नळीतून भरायचं आणि पुन्हा तेच. मध्येच ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा, म्हणजे सगळ्या वाटा धुतल्या जातील. बारा-पंधरा लिटर सहज जातात, तेवढं आधीच आणून ठेवा. बाटलीवर तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलंच स्पेसिफिकेशन हवं. 'सगळ्याला चालतं' म्हणून विकलं जाणारं ऑइल नको. रंग स्वच्छ लाल झाला म्हणून थांबू नका. शंभरेक किलोमीटर सावकाश चालवून पुन्हा पूर्ण फ्लश करा. माझ्या मते हा दुसरा फ्लशच खरा. बहुतेक जण तो टाळतात आणि दोन महिन्यांनी थरथर सुरू झाली की परत येतात.

कूलंटची बाजूही धुवा. तिकडे गेलेल्या ऑइलने रबराचे होज फुगून मऊ पडतात, ते बदला. नंतर तयार मिश्रणाचं कूलंट किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेलं भरा.

वेगळा कूलर बसवावा का? आपल्याकडे, हो. थंड देशांत रेडिएटरमधून नेलेलं ऑइल हिवाळ्यात लवकर गरम होतं, म्हणून ती व्यवस्था तिथे कामाची. नागपुरात ती अडचण नाही. इथे मे महिन्यात 45 अंश, नवतपात डांबर वितळतं, आणि सिग्नलवर रेंगाळताना टॉर्क कन्व्हर्टर सर्वात जास्त तापतो. गिअर ऑइल 80 ते 95 अंशांत सुखी असतं. 120 च्या वर गेलं की झपाट्याने जळू लागतं. मी रेडिएटरमधला कूलर पूर्ण बायपास करून एसीच्या कंडेन्सरसमोर स्टॅक्ड प्लेट (एकावर एक पत्र्यांच्या थरांचा) कूलर लावतो. मग रेडिएटर कधीही फुटला तरी गिअरबॉक्सला कूलंट दिसणार नाही. नळी गिअर ऑइलसाठी असलेलीच घ्या, पेट्रोल पाइप किंवा पाण्याचा होज नको. कूलर ब्रॅकेटवर बसवा. फिन्समधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधला तर घासून कंडेन्सरलाच भोक पडतं. गिअरबॉक्सवरच हीट एक्स्चेंजर (कूलंटने ऑइलचं तापमान सांभाळणारा भाग) आणि थर्मोस्टॅट असलेल्या नव्या गाड्यांत मात्र हा बायपास परस्पर करू नका.

सगळं झाल्यावर लेव्हल गरम गाडीत, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून बघा. जास्त भरलं तरी फेस होऊन गिअर सटकतात. पहिला महिनाभर दर आठवड्याला डिपस्टिकचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहा. दुधाळ गुलाबीपणा परत आला तर त्याच दिवशी गाडी थांबवा. आणि काढलेलं ऑइल नालीत ओतू नका, डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.