मार्चअखेरची बियाण्याची पाकिटं आणि कोकणातली परसबाग

ताई, तुम्ही लिहिलंय की गुहागर बाजूच्या तुमच्या वाडीत महिला मंडळातर्फे परसबागा, नाचणीचा आहार आणि संध्याकाळचा चालण्याचा गट असं तिन्ही सुरू करायचंय, आणि एका कार्यालयाने मार्चअखेर बियाण्याची पाकिटं देतो म्हणून कळवलंय, ती घ्यावीत का. वाचून पोटात कालवाकालव झाली. आमचं काम नेमकं अशाच पाकिटांमुळे कोलमडलं होतं.

मंडळाची नोंदणी, खातं, ठराव हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते. मी कृषी अधिकारी नाही आणि डॉक्टरही नाही. रत्नागिरीकडच्या बचतगटांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, तेवढ्यावर बोलते. तळकोकणात थोडं वेगळं असू शकेल.

आम्हाला फोन आला तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. उद्या वाटप आहे, सगळ्या लाभार्थी हव्यात, फोटो लागतील. पाकिटात पालक, मेथी, गाजर, कोबी. कोकणात एप्रिल तोंडावर आलेला असताना कोबी! आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जांभ्याच्या दगडी जमिनीत तो ठरत नाही. होळी झाली की विहिरी तळाला लागतात आणि मे महिन्यात टँकरची वाट बघायची. हे त्या टेबलामागच्या माणसाला मी तिथल्या तिथे सांगितलं. पावसाळी भाज्यांचं बी मृगाला द्या, म्हटलं. उत्तर आलं, निधी 31 मार्चला परत जातो, तुम्हाला हवं तर घ्या.

बायकांनी घेतलं आणि पेरलंही. मोरीचं पाणी, भांडी घासलेलं पाणी, कळशीत उरलेलं पाणी असं घालून जगवायचा प्रयत्न केला. एका काकूंनी तर रोपांवर सुपं पालथी घातली होती, ऊन लागू नये म्हणून. पालकाला दोन-दोन पानं आली आणि कडा करपून जमिनीला चिकटली. पुढे पाहणीला माणूस आला तेव्हा परड्यात काहीच नव्हतं, आणि त्याने कागदावर लिहिलं की गटाने देखभाल केली नाही. पुढच्या वर्षी आमचं नाव यादीतून गेलं. त्याहून वाईट म्हणजे बायकांचं मन उडालं. ज्या काकूंनी सुपं घातली त्याच मला म्हणाल्या, "गो बाय, आता परत बियाचा नाव काढू नको." त्यांना परत उभं करायला फार वेळ गेला. त्या कार्यालयाच्या नमुन्यात फोटोला रकाना होता, पण भाजी कोणाच्या ताटात पडली याला रकानाच नव्हता. याचा मला आजही राग आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: पाकिटं घ्या, पण पेरू नका. घेतानाच एक साधं पत्र द्या, "पाण्याअभावी आता पेरणार नाही, पावसाळी बी मृगात पेरू", आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही. पाकिटावर चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते, ती जूनच्या पुढची आहे का बघा. नसेल तर तेही पत्रात लिहा. पाकिटं कोरड्या राखेबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याचं सामान भरायच्या सुमारास डबा उघडून थोडं बी ओल्या फडक्यात बांधून बघा, उगवतंय का. मात्र पालक, मेथी, कोबी, गाजर पावसात लावू नका, कुजून जातील. तसलं बी आलं तर ते पेरू नका, भातकापणीनंतर येणाऱ्या थंडीसाठी वेगळं मागून घ्या.

पावसाळ्याला आपले वेलच खरे. पडवळ, काकडी, दोडकं, कारलं, दुधी, आणि गडग्याकडेला, म्हणजे दगडी कुंपणालगत, भेंडी. 7-8 जूनला मृग लागला की बी टाकायचं, मांडव त्याआधी उभा हवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वाण, म्हणजे पडवळाचा कोकण श्वेता, कारल्याचा कोकण तारा, हे आपल्या हवेसाठीच काढलेले आहेत. आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे चुलीवर धुरात टांगलेलं बी असतं, ते आधी विचारा. आम्ही नंतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे देणं बंद केलं आणि घरचं बी पुरचुंडीत बांधून लुटलं. एका संध्याकाळी सगळ्या वाडीत बी पोचलं, कुठल्या कार्यालयाची गरज लागली नाही.

माकडांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच. अळू, हळद, आलं, मिरची यांना ती फारसा हात लावत नाहीत. सुरणालाही नाही, पण त्याला डुकरं उकरतात, म्हणून घराला लागून लावा.

हे सगळं का करायचं, तर जुलैत घाटात दरड पडली की वरून येणारा भाजीचा टेम्पो थांबतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. रेशनवर मिळतं ते मुख्यतः धान्य. त्या दोन महिन्यांत गरीब घरात भात आणि सुकट याशिवाय ताटात काय असतं ते बघा, म्हणजे कार्यक्रम कोणासाठी आहे ते ठरेल. कुळथाची पिठी, काळे वाटाणे, अंडी यांवर भर द्या. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी या रानभाज्या आहेतच, मात्र ओळखणारी जाणती बाई बरोबर असल्याशिवाय रानातलं काही शिजवू नका. शेवळं ही रानभाजी नीट केली नाही तर घसा धरतो. सुकी मासळी भिजवून, पाणी टाकून मगच करा, त्यात मीठ फार असतं. रक्तदाबाच्या माणसांनी डॉक्टरांना विचारावं.

नाचणीचं म्हणाल तर 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तांदळात त्याच्या जवळपासही नाही. पण शिबिरांत नाचणीचे केक आणि बिस्किटं करून दाखवतात ते मला पटत नाही. साखर आणि डालडा घातल्यावर राहिलं काय? आंबील आणि भाकरी, बस्स. अंगणवाडी ताईंवर हे काम टाकू नका, त्यांच्या डोक्यावर आधीच नोंदवह्यांचा डोंगर आहे.

चालण्याच्या गटाबद्दल थोडं कडक बोलते. लावणीला कमरेत वाकणाऱ्या आणि डोक्यावरून लाकडं आणणाऱ्या बाईला "रोज चाला" सांगू नका, ती दुखावते. काजू कारखान्यात दिवसभर बसून सोलणाऱ्या, दुकान सांभाळणाऱ्या आणि शेती सुटलेल्या घरातल्या बायकांना गट हवा आहे. मोठ्यांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं चालण्यासारखी हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते त्यांच्यासाठी धरा. आणि संध्याकाळ नको. सड्यावरच्या, म्हणजे कातळमाळावरच्या वाटांना फुरसं हा विषारी साप असतो, रस्त्याला दिवे नसतात, डंपर धावतात. उजाडल्यावर शाळेच्या पटांगणात चाला, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन.

तिन्ही एकदम करू नका असं मला वाटतं, यंदा परसबागाच धरा. तुमची विहीर कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, परड्यात ऊन किती येतं आणि माकडांचा त्रास किती, एवढं लिहा, म्हणजे कोणतं बी किती घरांना द्यायचं ते सांगते. पत्राचा मसुदा हवा असेल तर तोही देते, पण वाटपाच्या आधी मागा.