सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी कोलोनोस्कोपी करायलाच हवी का?

तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे, दोन महिने शौचावाटे अधूनमधून रक्त पडतंय, सोनोग्राफी नॉर्मल, तरी डॉक्टर कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघायची तपासणी, सांगताहेत. हा पैसे काढायचा प्रकार तर नाही ना, आणि दुखतं का?

करून घ्या. सोनोग्राफीत आतड्याचं आतलं अस्तर दिसत नाही. ‘मूळव्याधच असेल’ हेही धरून चालू नका. मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला सुखाने असू शकतात. दुखण्याचं म्हणाल तर शिरेतून झोपेचं औषध देतात, बहुतेकांना काही आठवतही नाही. नंतर पोट फुगल्यासारखं वाटतं, वारा सरला की मोकळं होतं.

आता न विचारलेलं सांगतो, कारण एंडोस्कोपीच्या खोलीत सगळी झटापट त्याच्याशीच असते: पोट साफ करायची पावडर. पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) या जुलाबाच्या पावडरीचं पाकीट २ लिटर पाण्यात कालवायचं. एक लिटर आदल्या संध्याकाळी, दर १०-१५ मिनिटांनी एक ग्लास. दुसरा लिटर तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचा आणि २ तास आधी संपवायचा. म्हणजे ९ ची वेळ असेल तर पहाटे ४ ला उठायचं. इथेच घरोघरी माशी शिंकते. ‘म्हाताऱ्या माणसाला पहाटे कशाला उठवता, रात्रीच सगळं पाजून टाकू.’ काही ठिकाणी तर छापील कागदावरच रात्री दहानंतर पाणीसुद्धा बंद लिहिलेलं असतं.

हे चूक आहे. रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट स्राव खाली उतरत राहतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात, सीकमपाशी (म्हणजे मोठं आतडं सुरू होतं तिथे), साचतो. सकाळी पडद्यावर तिथे पिवळसर साय धरलेली दिसते. पाण्याचा फवारा मारला की एका बाजूची सुटते, शेजारची तशीच राहते. नेमक्या याच भागातले पॉलिप (अस्तरावरच्या छोट्या वाढी, ज्यांचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) बरेचदा चपटे, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचे असतात. सायीखाली गेले की गेले. राहिला भूलतज्ज्ञांचा आक्षेप, की झोपेचं औषध द्यायचं तर पोट रिकामं हवं. घन अन्नाला ८ तासांचं अंतर हवं, स्वच्छ पातळ पदार्थांना २ तास पुरतात. हा त्यांच्याच शास्त्राचा नियम आहे, आम्ही काढलेला नाही.

जेवणाचंही तसंच. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, वांगं, भेंडी, तीळ, पालेभाजी, मोडाची कडधान्यं, भाकरी बंद. इसबगोलही बंद. पांढरा भात, इडली, मुगाचं पातळ वरण चालतं. दुर्बिणीतली ओढून घेणारी वाहिनी जेमतेम पावणेचार मिलिमीटरची असते. पेरूची एक बी तिच्यात अडकली की दुर्बीण बाहेर काढून ब्रश घालत बसायचं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवा, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. आदल्या दिवशी शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा घ्या. कोकम सरबत नको, आत लाल दिसलं की ते रक्त की कोकम हा नसता घोळ होतो. शेवटी शौचाला लघवीसारखं पिवळं, पारदर्शक पाणी पडलं पाहिजे. ‘दहा वेळा जाऊन आले’ याला अर्थ नाही, रंग बघा.

पावडरीऐवजी कोणी मॅनिटॉल (साखरेसारखं एक जुलाबाचं औषध) देत असेल तर नको म्हणा. आतड्यातले जंतू त्यापासून हायड्रोजन बनवतात आणि पॉलिप कापायला विजेचा तार वापरला तर आत स्फोट होऊ शकतो. असे स्फोट झालेले आहेत.

रिपोर्टमध्ये नुसतं ‘नॉर्मल’ वाचून उठू नका. सीकमपर्यंत पोहोचल्याचा फोटो आहे का, आणि बॉस्टन स्कोअर, म्हणजे आतडं किती साफ होतं त्याचे गुण, किती, ते बघा. मोठ्या आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात. तिन्हींत किमान २ हवेत. एखाद्या भागाला १ असेल तर तो भाग पाहिलाच नाही असं समजा आणि फेरतपासणी कधी ते तिथेच विचारा. सीकमपासून परत येताना किमान ६ मिनिटं निरीक्षण व्हायला हवं, हल्ली ८ म्हणतात.

आणि हो, वडिलांना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी मात्र ३-४ दिवस आधीच थांबवावी लागते, ती चालू असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. आतड्याला भोक पडण्याचा धोका साध्या तपासणीत हजारात एकाहून कमी असतो, पण असतो. पॉलिप काढला तर पुढचे दोन आठवडे केव्हाही रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा लगेच लांबच्या यात्रेची तिकिटं काढू नका. घरी नेताना सोबत कोणीतरी हवंच. २४ तास त्यांच्या हाती स्कूटरची किल्ली देऊ नका, कितीही ठणठणीत वाटत असले तरी.