पहिल्या महिन्यात एवढंच करा

कचरा कमी करायचं ठरवलंत, फार आनंद झाला. सुरुवातीची चूक बहुतेकांची एकच असते: घरातले प्लास्टिकचे डबे टाकून काचेच्या बरण्या आणायच्या. असं करू नका. आहेत ते डबे फुटेपर्यंत वापरा.

आधी दुरुस्ती. मिक्सरची मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही? मिक्सर भंगारात देऊ नका. भांडं उचलून खालचा काळा कपलर, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारा तुकडा, बघा, त्याचे दात झिजलेले असतील. तो स्वस्तात बदलून मिळतो. पंखा मंदावला तर बऱ्याचदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा सुटा भाग, गेलेला असतो. इलेक्ट्रिशियनला तेवढंच आधी तपासायला सांगा. कुकरची शिट्टी होत नसेल तर रिंग बघा. नाक्यावरचा मिक्सर-कुकरवाला शोधून त्याचा नंबर आजच घेऊन ठेवा, कारण वस्तू बिघडल्यावर घाईत आपण नवीच मागवतो. रेडिओ, अँप्लिफायरसाठी मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड आहेच.

मग उसनवारी. ड्रिल मशीन, शिडी, सत्यनारायणाची मोठी पातेली सोसायटीत कुणाकडे तरी असतातच. संकोच नको, मागा. परत करताना पातेलं घासून द्या, आणि रिकामं देऊ नका, दोन लाडू ठेवा. पुढच्या वेळी मागणं सोपं जातं.

खरेदीचं म्हणाल तर हवी ती वस्तू कॅलेंडरवर लिहा, पंधरा दिवस थांबा. तोवर गरज उरली तर घ्या.

कंपोस्टचं आत्ता डोक्यात घेऊ नका, पावसाळा संपल्यावर बोलू. या आठवड्यात माळ्यावरची एकच बंद पडलेली वस्तू खाली काढा.